सूर्यमाळच्या पाण्यावरचा शोधनिबंध

मी जव्हारच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हे माझ्या समोरच घडलं. सूर्यमाळची सविता एम.ए.च्या प्रकल्पासाठी आपल्याच पाड्यावरच्या पाणीटंचाईची माहिती शोधायला आली. आधीच्या संशोधनाचा आधार नसेल तर प्रकल्प घेणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. मी तिला संगणकावर शोधनिबंधांचा डेटाबेस उघडून दिला. तिने इंग्रजीत गावाचं नाव टाइप केलं. काहीच आलं नाही.

"मॅडम, आमचं गाव नाहीच का यात?"

"असेल. त्याला गाव कळत नाही, अक्षरं कळतात. स्पेलिंग बदलून बघ."

एक 'ए' वाढवल्यावर एकुलता एक निबंध सापडला. पाडाही तिचाच निघाला. सविता खूश होऊन वाचायला लागली. निष्कर्षात लिहिलं होतं, की उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल पाड्यावरच्या महिला समाधानी आहेत. तिने तिथूनच आईला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"आये, पाण्याचं विचारायला कोणी साहेब आलेला का?"

"आलेला. उन्हाचा चढून आलेला बिचारा. हंड्यात उरलेलं पाणी त्यालाच दिलं."

"मग पाणी पुरतं असं का सांगितलंस?"

"त्यानं पाणी पिऊन झाल्यावर विचारलं. पाहुण्याला कसं सांगू, का तू प्यालास ते शेवटचं होतं?"

सविताने फोन ठेवला आणि वही पुढे ओढली.

"मॅडम, संदर्भसूचीत आईचं नाव कसं लिहायचं?"

"आडनाव आधी," मी म्हटलं.