रोदियोनचं झाड

—नाही, हे नव्हे, हे झाड जुनं. याचा माणूस केव्हाच अंतराळातून खाली उतरून पेन्शन घेतोय. तुम्ही विचारताय ते शेवटचं, काठीला बांधलेलं. रोदियोननं लावलं — उड्डाणाआधी इथे बायकोनूरला सगळेच अंतराळवीर एकेक झाड लावतात. तो आत्ता रॉकेटच्या टोकाशी पट्टे आवळून बसलाय, अंतराळस्थानकावर निघालाय — सुटायला अजून दोनच मिनिटं. मी गणिताचा डॉक्टर आहे, बाई. तीस वर्षं यांच्या कक्षा मोजल्या, आता झाडांना पाणी घालतो. झाडाचा आणि माणसाचा काही संबंध नाही. सिद्ध केलंय मी, तीन पानांत. दुसऱ्या पानावर थोडी शंका आहे, पण ती माझी आहे, गणिताची नाही — निदान मला तसं वाटतं.

सांगू नये, पण तुम्ही परक्या, सांगतो. रोदियोनचं झाड मेलं. मीच मारलं. जगेल ना, जगेल ना, म्हणत दिवसातून पाच वेळा पाणी — मुळं कुजली. मग काल माझ्या घरामागचं एल्मचं रोप उपटलं, इथे खोचलं, पाटी त्याचीच ठेवली. कोणाला कळणार? कोणालाच नाही. पण मन खातच राहिलं, म्हणून सकाळी तिमुरला फोन केला — माझा विद्यार्थी, आज उड्डाणाचा प्रमुख. वाटलं, हसेल, म्हणेल, सर, आता वय झालं, चहा प्या. नाही हसला. हळूच विचारलं, ‘‘कोणाला बोललात?’’ आणि मग — ‘‘सर, मुळाशी माती नीट दाबा.’’ म्हणजे बघा, इंजिनं त्याच्या हातात, आणि माती दाबायची मी.

तुम्ही का रडताय? नातेवाईक सगळे तिकडे मंडपात आहेत, इथे तर कोणी — तुम्ही रोदियोनची आई? अहो, आधी बोलायचं ना. उड्डाण बघवेना म्हणून तिकडून निघून आलात, आणि मी काय बडबडलो — खोटं होतं ते, माझं वय झालंय, मी चहा पिणार आहे. निघाला. तो बघा, उजेड आधी येतो, आवाज मागून. झाड धरू नका, बाई, कालच लावलंय, हलेल. — बरं, धरा. मी या बाजूनं धरतो. पावणेनऊ मिनिटं, मग कक्षेत. तोवर मला काही विचारू नका.