भांडणाची दांडी

(मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या हनुवटीला लागेल इतका उंच काउंटर आहे. पलीकडे बँकेतल्या मॅडम, अलीकडे लाँड्री चालवणारी आई आणि टाचा उंच करून बघणारी तिची लेक. लेकीला सगळे मुंगी म्हणतात. आईच्या हातात पेन आहे, पण सही अजून झालेली नाही. आता ऐका.)

मॅडम : इथे, ताई. या खुणेपाशी. एकच सही.

आई : करते हो. पण पुन्हा एकदा सांगा. मी अगदी मठ्ठ आहे असं समजून सांगा.

मॅडम : असं काय बोलता! बघा, तुमच्या खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे राहिले, म्हणून बँकेने दंड कापला.

आई : हं.

मॅडम : दंड कापल्यामुळे शिल्लक आणखी घटली. म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दंड.

मुंगी : म्हणजे पैसे कमी होते, म्हणून अजून कमी केले?

मॅडम : हो... म्हणजे तसंच.

मुंगी : मग ते जास्त कधी होणार?

आई : मुंगे, मध्ये मध्ये बोलू नकोस. हं मॅडम, पुढे?

मॅडम : तुम्ही तक्रार केलीत, की हा दंड अन्यायाचा आहे, परत द्या. तशी पुष्कळ जणांनी केली. प्रकरण कोर्टात गेलं. दंड बरोबर की चूक ते आता कोर्ट सांगेल. तोवर सगळ्या तक्रारी थांबवून ठेवल्यात.

आई : इथवर मला कळलं होतं. तुमचं पत्रच आलं होतं तसं. म्हणून तर मी निर्धास्त झाले आणि दुकानातला सगळा गल्ला आणून खात्यात भरला.

मॅडम : निर्धास्त? ते का?

आई : थांबलंय म्हटल्यावर निर्धास्तच की! आणि तुम्ही परत कापलेत. त्यामुळे वाफेच्या इस्त्रीचा हप्ता गेला नाही. हप्ता गेला नाही म्हणून त्याचा निराळा दंड!

मॅडम : पण ताई, थांबलीय ती तुमची तक्रार. दंड कुठे थांबलाय?

आई : आँ?

मॅडम : दंड चालूच आहे.

आई : कोर्टात भांडण चालू असताना?

मॅडम : हो.

आई : थांबा हं, माझं डोकं गरगरायला लागलंय. भांडण दंडाचं. मी थांबायचं. आणि दंडाने थांबायचं नाही?

मॅडम : ऐकायला विचित्र वाटतं, मान्य आहे. पण पद्धत तशीच आहे.

आई : मग आज काय होणार?

मॅडम : आज संध्याकाळी या महिन्याचा दंड कापला जाईल. आपोआप. मी बटण दाबत नाही, कॉम्प्युटरच कापतो.

आई : आणि उद्या इस्त्रीचा हप्ता आहे. पुन्हा परत गेला तर इस्त्री उचलून नेणार म्हणालाय तो दुकानदार. काल येऊन दाराची रुंदीसुद्धा मोजून गेला, मेला.

मुंगी : मी त्याला पाणी पण नाही विचारलं.

मॅडम : म्हणूनच सांगते, सही करा. आजवर कापलेल्यातले निम्मे पैसे आत्ता जमा होतील. उद्याचा हप्ता जाईल.

आई : आणि उरलेले निम्मे?

मॅडम : ते सोडायचे. तक्रार मिटली असं लिहून द्यायचं.

आई : उद्या कोर्ट म्हणालं, की लाँड्रीवाल्या बाईचं बरोबर होतं, तर?

मॅडम : तरी मागता येणार नाहीत.

आई : आणि मी सही केली नाही, आणि कोर्ट म्हणालं बँकेचंच बरोबर?

मॅडम : मग निम्मेही नाहीत.

आई : निकाल कधी आहे?

मॅडम : माहीत नाही.

आई : साधारण?

मॅडम : ताई, साधारणही माहीत नाही. मला रोज सगळे हेच विचारतात. खरं सांगू का, मलाही आता नीटसं कळेनासं झालंय.

आई : चला, तेवढीच सोबत. द्या, कुठे करायची म्हणालात? इथे?

मुंगी : आई, पण आपल्या दांडीवर असं नसतं.

आई : मुंगे!

मॅडम : कसली दांडी?

मुंगी : भांडणाची. आमच्या दुकानात मागच्या बाजूला आहे. कुणी म्हणालं की हा डाग तुम्ही पाडला, आणि आई म्हणाली आधीपासूनच होता, की तो कपडा त्या दांडीवर टांगायचा.

मॅडम : बरं, मग?

मुंगी : मग दोघांनी हात लावायचा नाही. आईने धुलाई मागायची नाही आणि त्यांनी कपडा मागायचा नाही. रंगारी काका येतात, डाग उजेडात धरून बघतात, वास घेतात आणि सांगतात कुणाचं चुकलं ते.

आई : बडबड फार करते हो ही. मनावर घेऊ नका.

मॅडम : नाही, बोलू दे. म्हणजे ताई, पत्र वाचून तुम्हाला वाटलं की बँकेतही तशीच...

आई : तशीच दांडी असेल. हो. हसा आता. इतकी वर्षं दुकान चालवतेय, मला दुसरं सुचलंच नाही. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने कापत राहायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुंगी : आत्ता पण एक कोट टांगलाय. खिशापाशी शाईचा डाग. रंगारी काका गावाला गेलेत, म्हणून थांबलाय.

आई : मुंगे, गप बस. एकदम गप.

मुंगी : पण आई, तो कोट तर इथल्याच...

आई : गप म्हटलं ना!

मॅडम : इथल्याच कुणाचा?

मुंगी : वरच्या खोलीतल्या साहेबांचा.

मॅडम : आमच्या साहेबांचा? करडा कोट? अगं बाई! तरीच गेले कित्येक दिवस नुसत्या स्वेटरवर फिरतायत.

आई : मॅडम, कृपा करून त्यांना सांगू नका. मी काही त्या कोटावरून इथे आलेले नाही. दोन्हींचा काही संबंध नाही.

मॅडम : संबंध नाही, खरंय. पण हिचा प्रश्न... थांबा जरा. हे मला आजवर कुणी विचारलंच नाही. तक्रार थांबलीय तर दंडही थांबवता येतो का? मला खरंच माहीत नाही. विचारते. हॅलो, साहेब? खाली लाँड्रीवाल्या ताई आल्यात. ते दंडाचं... हो, निम्म्यावर मिटवतायत. नाही, सही व्हायचीय. त्या विचारतायत की निकाल लागेपर्यंत पुढचा दंड रोखता येईल का... हो, आजचाच... उद्या त्यांचा हप्ता आहे, परत गेला तर मशीनच जाईल... हो... असं आहे होय? मला कुणी सांगितलंच नव्हतं... काय? हो, त्याच लाँड्रीवाल्या... नाही साहेब, कोटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी बोलली... बरं. ठेवते.

आई : झालं! आता कोटही जाईल आणि इस्त्रीही.

मॅडम : ऐका तरी. हप्ता परत जायची वेळ आली असेल, तर निकालापर्यंत दंड रोखून धरायची सोय शाखेला आहे. त्याला अर्ज लागतो. आणि अर्ज कुणी देत नाही, कारण अशी सोय आहे हेच कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

आई : म्हणजे संध्याकाळी कापणार नाही?

मॅडम : आत्ता अर्ज दिलात तर नाही कापणार.

आई : आणि उद्याचा हप्ता?

मॅडम : जाईल. आज दंड कापला नाही, तर शिल्लक तेवढी पुरते.

आई : आणि आधी कापलेले?

मॅडम : ते कोर्टाच्या निकालावर. निकाल तुमच्या विरुद्ध लागला, तर हा रोखलेला दंडही भरावा लागेल. ते मी आत्ताच सांगून ठेवते.

आई : म्हणजे आम्ही जिंकलो का?

मॅडम : नाही.

आई : हरलो?

मॅडम : नाही.

आई : मग झालं काय नक्की?

मॅडम : काहीच झालं नाही, ताई. आज एवढंच, की काही होणार नाही.

आई : मला अजून पुरतं कळलेलं नाही. पण ती आधीची सही नको. तो कागद तुमच्याकडेच ठेवा आणि अर्जाचा द्या. मुंगे, इकडे ये. तुझं अक्षर बरं आहे, पत्ता तू लिही.

मुंगी : कोटाचं काय म्हणाले साहेब?

मॅडम : रंगारी काका गावाहून कधी येणार, एवढंच विचारलं.

मुंगी : साधारण पण माहीत नाही.

आई : मुंगे!

मॅडम : हसू द्या हो मला. सकाळपासून पहिल्यांदा हसतेय. झालं लिहून? छान. आणि हे काय काढलंस खिशातून?

मुंगी : चिठ्ठी. कपडा घेतला की आम्ही अशी फाडतो. दोन्ही तुकड्यांवर एकच नंबर असतो. अर्धी कपड्याला, अर्धी ज्याचा कपडा त्याला. ही घ्या.

मॅडम : मला कशाला?

मुंगी : आमचे पैसे तुमच्याकडे टांगलेत ना? मग त्यांना लावा.

मॅडम : पैशांना कशी लावू, बाळ?

मुंगी : मग अर्जाला लावा. टाचणी आहे का?

आई : चल गं, दुकान उघडायचंय. येते हो मॅडम. कळलं नाही काही, तर पुन्हा येईन.

मॅडम : या ना. तोवर मीही जरा समजून घेते. पुढचे कोण? या. अगं, तू परत का आलीस? आई कुठाय?

मुंगी : दाराशी थांबलीय. टाचणी लावलीत का ते बघायला आले.

मॅडम : लावली. ही बघ.

मुंगी : वाकडी लागलीय. पडेल अशाने. द्या इकडे, मी लावते.