मऊ भाताची माया

देवाला हात जोडून झाले, पेटीचा सूर लागला, मागच्या मुलांची कुजबुजही थांबली. आता मंडळी, ऐका. गोष्टीच्या आधी एक प्रश्न विचारते आणि तो खुंटीला टांगून ठेवते. जाताना काढून घेऊ.

आपलं माणूस दुखण्यातून उठलं, की त्याच्या पानात काय वाढायचं? जे सहज गिळता येईल ते? की जे चावताना त्याला त्रास होईल, पण जे त्याला उभं करील ते? – लगेच माना हलवू नका. मान हलवणं सोपं असतं.

आणि खांबाजवळचे दोघे-तिघे सारखे रांधपाच्या खोलीकडे बघतायत. कितीही नाक वर करा, तुपाचा वास यायचा नाही. आज प्रसादाला शिरा नाही. काय आहे ते शेवटी सांगेन.

तर खाडीकाठी कातळवाडी नावाचं गाव. तिथे एका घरात दोन जावा. थोरली अनसूया, तिला सगळा गाव अक्का म्हणतो. धाकटी सुगंधा. सुगंधा लग्न होऊन आली त्या वर्षीच्या गौरी मला अजून आठवतात. ओटीवर बायका जमलेल्या, घावनांचा वास, बाहेर अंगणात ऊन पडलेलं. अक्कानं नव्या जावेचे हात धरले आणि फुगडी घातली. काय फुगडी ती! पदर खोचलेले, पाय जुळलेले, दोघी मागे रेललेल्या, आणि अशा फिरल्या की कोण थोरली, कोण धाकटी कळेना. थांबल्यावर अक्का धापा टाकत म्हणाली, "गो, तुझी पकड चांगली आहे. आता मला दुसरी जोडीदारीण नको."

पुढे वर्षं गेली. तेव्हा गावात वजनाचा काटा एकच, भाताच्या गिरणीवर, आणि त्यावर माणसं चढायची ती गंमत म्हणून. पण सुगंधाला गंमत राहिली नाही. बाळंतपणं झाली, गुडघे धरले, साखर आली. वजन असं वाढलं की पाटावर बसली तर उठवायला माणूस लागायचं. गौरीच्या दिवशी ती भिंतीशी खुर्ची टाकून बसायची आणि गाणी म्हणायची. बायका अक्काला ओढायच्या, "चला ना अक्का, एक फुगडी." अक्का म्हणायची, "माझी जोडीदारीण खुर्चीवर बसली आहे."

हे वाक्य सुगंधाला दरवर्षी टोचायचं, बरं का. शेवटी तिनं ठरवलं. नवरा मुंबईला नोकरीला होता, तिथल्या मोठ्या इस्पितळात तिनं वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. या ऑपरेशनात जठराचा मोठा भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं. चार घासांचं पोट. नवऱ्यानं विचारलं, "एवढं धाडस कशाला गं?" तर म्हणाली, "मला अक्कांशी फुगडी घालायची आहे." डॉक्टर हसले म्हणे. हसू देत. माणसाला जगायला मोठीच कारणं लागतात असं कुठे आहे?

निघताना इस्पितळात सांगितलं होतं – आधी नुसतं पातळ, मग मऊ, आणि मग हळूहळू घट्ट जेवण. त्यातही आधी प्रोटीन. म्हणजे आपली प्रथिनं. मासे, अंडी, डाळी-उसळी, पनीर. गुरवदादा, देवळात अंड्याचं नाव घेतलं म्हणून डोळे मोठे करू नका. औषधाचं नाव कुठेही घेता येतं.

सुगंधा गावी आली आणि अक्कानं तिला ताब्यात घेतलं. नाचणीची पेज, मुगाचं कढण, मग मऊ भात. वर तुपाची धार, मेतकूट. सुरुवातीला ते बरोबरच होतं. पण मग घट्ट खायची वेळ आली. अक्कानं बांगडा केला, काटे काढून तुकडा पुढ्यात ठेवला. सुगंधानं तो तोंडात टाकला, दोनदा चावला आणि गिळला. झालं. छातीच्या मधोमध तो असा अडकला की डोळ्यांत पाणी आलं. न्हाणीघरात जाऊन सगळं बाहेर काढलं तेव्हा सुटली.

अक्का दारात उभी. तिचाही जीव घाबरा झालेला. म्हणाली, "मेलं ते चावायचं. माझा मऊ भात काय वाईट आहे?"

सुगंधालाही तेच हवं होतं. मऊ भात दुखत नाही, अडकत नाही, घसरत खाली जातो. त्यातच श्रावण लागला. मासे बंद, अंडी बंद. अक्का पानात आधी भात वाढायची, शेजारी मुगाची उसळही ठेवायची. पण चार घासांचं पोट ते! भातानंच भरायचं. उसळ तशीच राहायची. आणि तासाभरात पुन्हा भूक, की पुन्हा वाटीभर पेज, नाहीतर खीर.

वजन मात्र उतरत होतं. बायका म्हणायच्या, "अगो सुगंधा, सुनेची थोरली बहीण दिसतेस." ऐकून बरं वाटायचं. फणीत केसांचा पुंजका यायचा तो ती गुपचूप चुलीत टाकायची. विहिरीवरून कळशी आणताना बोटं आपोआप उघडायची. मुंबईहून इस्पितळाच्या बाईंचा फोन आला, "घट्ट जेवण सुरू झालं ना?" ही म्हणाली, "हो हो." आपण नाही का देवाला सांगत, हो हो, उद्यापासून नेमानं पोथी वाचतो.

गौरी आल्या. दुपारची वेळ, ओटी बायकांनी भरलेली. भिंतीजवळची खुर्ची रिकामी. सुगंधा नवी साडी नेसून मधोमध आली आणि तिनं हात पुढे केले. अक्काचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी! हातात हात गुंफले, पाय जुळले, दोघी मागे रेलल्या. एक फेर झाला. दुसरा झाला. बायकांनी ताल धरला.

आणि मंडळी, सुगंधाला आपली बोटं उघडताना दिसली. मनानं ती घट्ट धरत होती, पण हातात धरायला काही उरलंच नव्हतं. अक्काचा हात सुटला. अक्का मागे गेली ती उंबऱ्यावर. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी दोघी रत्नागिरीला. अक्काच्या उजव्या हाताला प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी शेजारी उभ्या सुगंधाची विरळ झालेली वेणी पाहिली, चेहरा पाहिला, ऑपरेशनचं विचारून घेतलं, आणि तिला तिथल्याच आहाराच्या बाईंकडे पाठवलं. अक्काही मागोमाग.

बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाता?"

सुगंधा तोंड उघडेपर्यंत अक्काच म्हणाली, "मऊ भात. तूप-मेतकूट घालून. मी स्वतः करते."

"दुपारी?"

"वरण-भात. अगदी गुरगुट्या."

"आणि उसळ, पनीर, अंडं?"

"श्रावणात अंडं कसं वाढू? उसळ वाढते की. पण हिचं भातावरच भरतं. चार घासांचं पोट."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पोट चार घासांचं आहे, तर अक्का, पहिला घास कशाचा असायला हवा?"

बाईंनी मग समजावून सांगितलं. शरीराला प्रथिनं बाहेरून मिळाली नाहीत, की ते आतलंच खायला लागतं. दंडाचं खातं, मांड्यांचं खातं. काट्यावर वजन कमी दिसतं, पण चरबीबरोबर ताकदही जाते. मऊ भात घसरून जातो, म्हणून भूक लवकर लागते. घट्ट घास पोटात थांबतो, माणसाला धरून ठेवतो. म्हणून आधी अंडं, मासा, उसळ, पनीर, आणि जागा उरलीच तर भात. पाणी जेवणासोबत नको, नंतर थोड्या वेळानं. दिलेल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

सुगंधा रडवेली होऊन म्हणाली, "बाई, पण अडकतं हो."

"घाईनं गिळलं तर अडकणारच. जेवायला किती वेळ बसता?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि अक्काला अशा वेळीही हसू आलं. "बसतो? आम्ही?"

हसता काय, मागच्या बायांनो? आपण कशा जेवतो? पुरुषांचं झालं, मुलांचं झालं, की उरलेलं ताटात घेऊन एक कान दाराकडे, एक डोळा दुधाच्या पातेल्यावर. घास तोंडात असतानाच कोणीतरी हाक मारतं. सुगंधा जन्मभर अशीच जेवली होती. मोठं पोट होतं तेव्हा ते खपून गेलं. लहान पोटानं खपवून घेतलं नाही. बांगड्यात काही खोट नव्हती हो, खोट घाईत होती.

परतताना एसटीत अक्का खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "म्हणजे तुझा हात मीच सोडवला."

"असं नका बोलू, अक्का. तुम्ही मायेनं वाढलंत. मला सोपं वाटलं म्हणून मी खाल्लं. आणि फोनवर खोटं मी बोलले."

"माया, माया," अक्का पुटपुटली. "माया करताना जरा विचारायला काय झालं होतं मला?"

घरी आल्यावर अक्कानं पहिलं काम काय केलं? नवऱ्यासमोर उभी राहिली. त्यांना घरात दादा म्हणतात. म्हणाली, "उद्यापासून आमच्या दोघींचं पान आधी."

दादा म्हणाले, "आणि मी?"

"तुम्ही झोपाळ्यावर बसा. आम्ही एवढी वर्षं उभ्या होतो, अजून जिवंत आहोत."

"माझ्या पोटात कावळे ओरडतील त्याचं काय?"

"त्यांना ओरडू द्या. तुम्ही तेवढ्यात कुळीथ भिजत घाला."

आणि घातले हो त्यांनी! कुळथाला मोड आणायचे तर भिजवून, उपसून फडक्यात बांधून ठेवावे लागतात, हे त्यांना उतारवयात कळलं. पहिल्या दिवशी पाण्यातच ठेवले आणि सकाळी विचारत होते, मोड का आले नाहीत म्हणून.

पितृपक्ष सरला, तेव्हा पहिलं अंडं उकडलं. दोघी समोरासमोर बसल्या. पाण्याचा तांब्या अक्कानं मुद्दाम लांब ठेवला. सुगंधाच्या ताटलीत अर्धं अंडं. तिचा हात पुढे होईना. न्हाणीघर आठवत होतं. समोर अक्काचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात चमचा. निम्मी उसळ ताटात, निम्मी मांडीवर. कधी नव्हे ती अक्का इतकी हळू जेवत होती.

"माझ्याबरोबर चाव," अक्का म्हणाली. "मला घाई करता येत नाही, तुला करायची नाही. बरी जोडी जमली."

सुगंधानं नखाएवढा तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. त्याचं पीठ होईपर्यंत चावला. मग डोळे मिटून गिळला. अक्काचा चमचा हवेतच.

"गेलं?"

"गेलं."

बाहेर झोपाळा कुरकुरायचा थांबला. दादा आतून काय आवाज येतो ते ऐकत होते.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही. मधे पुन्हा अडकायचं. एकदा खिरीचं पातेलं बघून सुगंधाचा धीर सुटला, तिनं खीर ओरपली आणि मग दिवसभर तोंड लपवून बसली. अक्काचाही मऊ भात वाढायला हात शिवशिवायचा, इतक्या वर्षांचा हात तो. पण रोज पहिला घास घट्ट, आणि रोज समोर कोणीतरी बसलेलं. पनीर, चणे, कुळथाची उसळ, उकडलेला मासा. हळूहळू फणीतले केस कमी झाले. विहिरीवरची कळशी बोटांत राहायला लागली.

पुढच्या वर्षी गौरी आल्या. ओटी पुन्हा भरली. पण फुगडीचं नाव कोणी काढेना. सगळ्यांची नजर अक्काच्या मनगटावर. ते जुळलं होतं, पण पाऊस आला की दुखायचं. सुगंधा आपण होऊन जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसली.

अक्का उठली. पदर खोचला. खुर्चीपुढे जाऊन दोन्ही हात पुढे केले.

सुगंधा म्हणाली, "नको अक्का. पुन्हा सुटला तर?"

"सुटला तर पडू. धर."

सुगंधानं धरला. ते मोडून जुळलेलं मनगट तिच्या मुठीत होतं. मागे रेलल्या, आणि फिरल्या. एक फेर, दुसरा, मग मोजलं नाही कोणी. वेग नव्या नवरीचा नव्हता. गुडघे वाजत होते. पण त्या फिरल्या आणि आपल्या मनानं थांबल्या. पडून नाही – थांबून. थांबल्यावरही सुगंधानं हात सोडला नाही. शेवटी अक्काच म्हणाली, "सोड आता गो. दुखतोय."

तर मंडळी, खुंटीवरचा प्रश्न काढा. सुगंधाचं पोट शस्त्रानं लहान केलं. आपल्या दिवसातली जागा काळ लहान करतो. माझ्या वयाला या, म्हणजे कळेल दिवस कसा चार घासांचा असतो. त्यात आपण आधी काय भरतो? जे घसरत जातं ते. इकडच्या तिकडच्या गप्पा, कोणाचं तरी कौतुक, कोणाची तरी निंदा. जे चावायला हवं ते ताटात कडेला राहतं. भावाशी अडलेलं बोलणं. आजाऱ्यापाशी नुसतं बसणं. देवाचं नाव मनापासून घेणं. आणि मग ऐन वेळी हात सुटतो, तेव्हा आपण म्हणतो, मी तर घट्ट धरला होता.

आणि घरी कोणी दुखण्यातून उठलं असेल, तर माया करा. पण वाढण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्या माणसालाही विचारा – आणि वाढून निघून जाऊ नका. त्याचं चावून होईपर्यंत समोर बसा. अर्धी माया त्या बसण्यात असते.

पेटी थांबवा आता. देवाचं नाव एकदा सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. – छान.

आता सांगते. आज प्रसादाला चण्यांची उसळ आहे. द्रोण घेऊन उभ्या उभ्या पळू नका. खाली बसा, शेजारचा बसेपर्यंत थांबा, आणि हळू चावा. आज पहिला द्रोण बायकांना.