सखारामभाऊंनी धरलेला दांडा

तुम्ही सखारामभाऊंना ओळखताच. जानेफळात वीज आल्यावर पिठाची गिरणी त्यांनीच टाकली. मुलीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं आणि घरचाच गहू दळायचा राहिला. भाऊंनी घाईत गिरणीत गहू कोंबला. मोटर अडली, तापली आणि भिंतीवरच्या ब्रेकरचा दांडा खटकन खाली पडला. मी गेलो तेव्हा भाऊ तो दोन्ही हातांनी वर दाबून उभे.

"काऊन धरून ठेवला, भाऊ?"

"सोडला का पडते लेकाचा! उद्या व्याही म्हणतीन, गिरणीवाल्याच्या घरी पीठ नाही."

"पण धरूनही पट्टा कुठं फिरून राह्यला?"

भाऊंनी मान वळवून पट्ट्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "ब्रेकरच्या आत धातूची पट्टी आहे. ती तापून वाकली की आतली खिटी सुटते. मग वरून कितीही धरा, मोटरला वीज मिळत नाही. थंड होऊ द्या, गहू कमी टाका."

चाळणी घेऊन आलेल्या वहिनी हसल्या. "समजलं का आता? लग्न झाल्यापासून यायले वाटते, हट्ट धरून बसलं म्हणजे बाई ऐकून राह्यली."

भाऊंनी दांडा सोडला. "थंड व्हायले किती वेळ लागते?"

"चहा होईपर्यंत," मी म्हणालो.

"तो होईन हो थंड चहात," वहिनी म्हणाल्या, "माहं डोकं पीठ पाहूनच थंड होईन."