विटाळ फ्लॉपीला असतो

भालेराव वहिनी, मॅनेजरसाहेब, जमलेल्या मंडळींनो,

मला भाषण येत न्हाई. त्यात आज डोकं तापलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मंदा, भुकूमची. आपल्या ह्या औषधाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर टायपिंग करते. भालेराव साहेब आमचे प्रमुख. सोमवारी हार्ट अटॅकनं गेले. अजून खरं वाटत न्हाई.

आपल्याकडं दोन कॉम्प्युटर हायेत. बाहेरचा टेलिफोनच्या तारेनं मुंबईच्या ऑफिसला जोडलेला. आतल्या खोलीतल्याला कालपातुर तार नव्हती, कारण कुठल्या गोळीत किती औषध घालायचं ते त्याच्यात हाय. बाहेरचे आकडे आत न्यायचे तर साहेबांचा नियम ठरलेला. कागदावर छापा, आत जाऊन हातानं टाइप करा, दुसऱ्यानं मोठ्यांदा वाचून ताडून बघा. बाहेरची फ्लॉपी आत न्हाई म्हंजे न्हाई!

लई वैताग यायचा. मीच म्हटलं, "साहेब, फ्लॉपीनं मिनिटाचं काम. बोटं कशाला झिजवायची?" ते म्हणाले, "मंदाताई, फ्लॉपीत आकड्यांबरोबर आणखी काय येतं ते दिसत नाही. कागदावर जे आहे ते डोळ्यांना दिसतं."

मग सगळे चिडवायला लागले, "आलं साहेबांचं सोवळं!" व्हय, ह्याच हॉलात, चहा पिताना. कोण कोण हसलं, मला ठावं हाय. साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही. सोवळं काय असतं ते मला नका शिकवू. माणसाला विटाळ नसतो. फ्लॉपीला असतो."

आणि आज? आज फोटोला एवढाले हार. "आधारवड गेला" म्हणताय. अहो, चिता विझली न्हाई तवर काल आतल्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलंत! दोन्ही कॉम्प्युटरच्या मधी तार ओढलीत! मॅनेजरसाहेब म्हणतात, आता काम पटापट होईल. कसलं डोंबलाचं पटापट? उद्या बाहेरनं कुणी आकडा बिघडवला, एखाद्या लेकराच्या गोळीत दुप्पट औषध पडलं, तर जाब कुणाला विचारायचा? ह्या फोटोला?

वहिनी, माफ करा, आवाज चढला. पण साहेब असते तर त्यांनीबी चढवला असता.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं म्हणे. मॅनेजरसाहेब, आधी ती तार काढायला माणूस पाठवा. मी हितंच उभी हाय. तार निघाल्याबिगर मी काय गप बसायची न्हाई.

भालेराव साहेब, तुम्हाला जय भीम. मौन मागनं पाळू.