न चालणारी पेनं

लेक: गेल्या महिन्यात तुझ्या या मदत केंद्रात आले तेव्हाही हाच खोका होता, आई. हीच पेनं.

आई: असतील. ती लाल टोपणाची नवीन आहेत, कुठल्याशा ऑफिसातून आली. बस ना, उभी का?

लेक: बसू कुठे? या खुर्चीवर दप्तरं, त्या खुर्चीवर स्वेटर.

आई: स्वेटर टेबलावर ठेव. घड्या मोडू नकोस, शिवणमावशी ओरडेल.

शिवणमावशी: ओरडत नाही मी. मनातल्या मनात बोलते. ये गं, बस. चेहरा केवढासा झालाय तुझा.

लेक: उन्हातून चालत आले, मावशी.

आई: बॅग कशाला एवढी?

लेक: दौरा आहे ऑफिसचा. चार दिवसांचा.

आई: चार दिवसांना एवढी.

लेक: कागदपत्रं आहेत आत.

आई: बरं. हा कागद घे, आणि तो खोका ओढ पुढे. तेवढी पेनं तपासून दे. चालतात ती डब्यात, नाही चालत ती बाजूला.

लेक: आल्या आल्या?

आई: हात रिकामेच आहेत ना. मघाची बाई अर्धी करून गेली.

शिवणमावशी: तासभर बसली होती बिचारी. पंधरा-वीस पेनं झाली तेव्हा कुठे तोंडातून शब्द निघाला. नवऱ्याची नोकरी जाऊन पाच महिने झालेत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ही रोज सकाळी त्याला डबा भरून देते, आणि तो बागेत जाऊन बसतो.

लेक: तुम्ही काय विचारलंत तिला?

शिवणमावशी: मी काय विचारणार? मी बाही लावत होते. ताई तिकडे पाठ करून येणाऱ्यांच्या नोंदींची कार्डं लावत होत्या. ती सांगत होती ते पेनांनाच.

आई: मावशी, शाळेचा फोन आला होता का? त्या दोन भावंडांच्या दाखल्याचा?

शिवणमावशी: आला. म्हणाले, उद्या या. कालही उद्याच म्हणाले होते. आणि डॉक्टर गुरुवारी येणार नाहीत. आणि मोरीतला नळ पुन्हा गळतोय.

आई: नळाखाली बादली ठेवा. डॉक्टरांशी मी बोलते.

लेक: आई, तू जेवलीस का?

आई: जेवेन. सकाळपासून सतरा जण झाले. पाय भरून आलेत नुसते.

लेक: म्हणजे माझा नंबर अठरावा.

आई: तुझा कसला नंबर?

लेक: शाळेतून येऊन या बाकावर बसायचे ना मी. दप्तर मांडीवर घेऊन. तू म्हणायचीस, पाच मिनिटं थांब हं.

आई: थांबायचीस पण. शहाणी होतीस.

लेक: हो. शहाणी होते.

आई: ते चालत नसेल तर जोरात घासू नकोस. कागद फाटतो.

लेक: घरी माझ्या खोलीत अजून कपड्यांची गाठोडी आहेत का गं?

आई: आहेत की. थंडीचे कपडे आलेत सगळे, पलंगावरसुद्धा चढलेत. का?

लेक: काही नाही. सहज विचारलं.

आई: हलवायचीच आहेत. वेळ होत नाही.

लेक: आई, मला तुझ्याशी जरा…

शिवणमावशी: ताई, बाहेर या लवकर. ती कोपऱ्यावरच्या चाळीतली आलीय, दोन पोरींना घेऊन. घरमालकाने सामान रस्त्यावर काढलंय म्हणते. धाकटी अनवाणी आहे.

आई: आले. तू बस हं, पाच मिनिटं.

लेक: जा तू.

आई: पंखा लाव की, घामाघूम झालीयेस.

शिवणमावशी: ताई, रडतेय ती.

आई: आले म्हटलं ना.

लेक: मावशी, किती वाजले? आई गेली ती गेलीच.

शिवणमावशी: आपल्या घड्याळावर जाऊ नकोस. पाऊण तास झाला बघ. येतील आता. पोरींना चपला मिळाल्या, चहा-बिस्किटं झाली. तुझी पेनं झाली का?

लेक: झाली सगळी.

आई: हुश्श. झाली एकदाची सोय. महिनाभर तिच्या मावसबहिणीकडे राहतील. मीच फोनवर बोलले, तिच्याच्याने बोलवेना. हं, काय म्हणत होतीस तू?

लेक: काही नाही.

आई: जावई बरे आहेत?

लेक: बरे आहेत.

आई: सगळं ठीक?

लेक: ठीक आहे. चालणारी पेनं डब्यात भरलीत. बाकीची कचऱ्यात टाकली.

आई: कचऱ्यात?

लेक: मग काय करायचं त्यांचं? बंद पडलेली पेनं जपून कुणाला द्यायचीत?

आई: नाही, बरोबर आहे. बरं केलंस.

लेक: निघते मी. बस आहे साडेपाचची.

आई: तो तपासलेला कागद ठेव तिथेच, मी टाकते. आणि पोचलीस की फोन कर.

लेक: करते.

(वीस दिवसांनंतर. तीच खोली. आईच्या खुर्चीवर कुणी बसलेलं नाही.)

शिवणमावशी: अजून दहाजण तरी येतात रोज. ताई कुठेत विचारतात. मी सांगते, गेल्या. सकाळी इथे यायला निघाल्या होत्या, दारात चपला घालता घालता गेल्या. रोज दहा वेळा तेच वाक्य, जीभ नुसती जड झालीय.

लेक: दारावर कागद लावू या.

शिवणमावशी: कागद वाचून कोण परत जातं? आता बघ, दोघीजणी बाकावर बसल्यात. बंद आहे म्हटलं, तर एक म्हणते, मग उघडेपर्यंत बसते.

लेक: किल्ली शनिवारी द्यायची आहे, मावशी. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, खोली तुमच्या आईच्या शब्दावर दिली होती. आता पुढचं तुम्ही बघणार असाल तर सांगा, नाहीतर मोकळी करून द्या. वाईट वाटत होतं त्यांना. चष्मा पुसत बोलत होते.

शिवणमावशी: चष्मा पुसायला काय जातं? मग तू काय सांगितलंस?

लेक: मोकळी करून देते म्हणाले. मी काय बघणार? मला माझंच… ते जाऊ दे. दप्तरं शाळेत देऊ. स्वेटर तुम्ही न्या. मशीन तर तुमचंच आहे.

शिवणमावशी: आणि तो खोका?

लेक: तो टाकून… मावशी, ही पेनं कशी इथे? हे हिरवं, टोपण चावलेलं. हे मी टाकलं होतं. मला नीट आठवतंय, दोनदा झटकून पाहिलं होतं.

शिवणमावशी: टाकलं होतंस. तू कोपऱ्यावर वळलीस आणि ताईंनी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. केळ्यांच्या साली, चहाचा चोथा, आणि त्यातून एकेक पेन वेचून काढलं. मला म्हणाल्या, पुसा. मी म्हटलं, अहो ताई, हिरेमाणकं आहेत का ही? तर हसायला लागल्या. म्हणाल्या, माझी लेक कामाची पक्की बघा. इतकी माणसं बसून गेली, पण टाकून द्यायचं कुणाला सुचलं नाही.

लेक: मला कळत नाहीये.

शिवणमावशी: अगं, रोज संध्याकाळी आम्ही ती पुन्हा एकत्र करायचो. चालणारी, न चालणारी, सगळी. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी द्यावी लागायची ना. चालणारीच राहिली तर तपासायचं काय?

लेक: म्हणजे हे काम नव्हतंच.

शिवणमावशी: पहिल्यांदा होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी आले ना, या खुर्चीत दगडासारखी बसले. ताईंनी तीनदा विचारलं काय झालं, मी तीनदा म्हटलं, काही नाही, ठीक आहे. मग कंटाळल्या असतील. म्हणाल्या, एवढी पेनं तरी तपासून द्या. आणि त्यांच्या कामाला लागल्या, पाठ करून. सातव्या की आठव्या पेनाला मी बोलायला लागले ते अंधार पडेपर्यंत. त्यानंतर त्यांनी कुणालाच समोरून विचारलं नाही.

लेक: आणि त्या दिवशी मला दिली.

शिवणमावशी: दिली. तू पायाशी बॅग घेऊन बसलीस, त्यांनी खोका पुढे केला, आणि माझा मशीनवरचा पाय थांबला. मनात म्हटलं, असं का? म्हणजे ताईंनी ओळखलंय काहीतरी.

लेक: तिने मला सरळ विचारायला हवं होतं. मी तिची मुलगी होते, मावशी. बाकावरची बाई नव्हते.

शिवणमावशी: विचारलं की शेवटी. सगळं ठीक, म्हणून विचारलं. तू काय म्हणालीस?

लेक: ठीक आहे.

शिवणमावशी: मग?

लेक: मग काही नाही. फोनही केला नाही मी. स्टँडजवळच्या लॉजवर होते, इथून दोन स्टॉपवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन आला, आई गेल्याचा.

शिवणमावशी: खोक्याच्या तळाशी बघ. पुठ्ठ्याखाली.

लेक: हा माझा कागद आहे.

शिवणमावशी: पेन तपासताना माणूस काहीतरी लिहितंच. कुणी सही करतं, कुणी मुलाचं नाव लिहितं, कुणी नुसते गोल काढतं. ताई संध्याकाळी तो कागद वाचायच्या आणि बारीक फाडून टाकायच्या. एवढ्या वर्षांत मला एकही दाखवला नाही. हा दाखवला. म्हणाल्या, पत्ता बघा कुठला आहे.

लेक: आपल्या घराचा. आईच्या. शाळेच्या वह्यांवर लिहायचे तसा, पिनकोडसकट. किती वेळा लिहिलाय मी हा?

शिवणमावशी: अकरा वेळा. मोजला आम्ही. तुझ्या घरचा एकदाही नाही.

लेक: मला माहीतसुद्धा नव्हतं मी काय लिहितेय. पेन चालतंय का, एवढंच बघत होते.

शिवणमावशी: कागद वाचला आणि ताईंनी केंद्राला कुलूप लावलं. सहा वाजता. आठच्या आत कधी लावलेलं मला आठवत नाही. मला म्हणाल्या, घरी चला, गाठोडी हलवायचीत.

लेक: कुठली गाठोडी?

शिवणमावशी: तुझ्या खोलीतली. आणखी कुठली?

लेक: ती तुम्ही हलवलीत? मी आले तेव्हा पलंग मोकळा होता. धुतलेली चादर होती. मला वाटलं, आत्याने केलं, माणसं येणार म्हणून.

शिवणमावशी: तुझी आत्या स्वतःची चादर तरी बदलते का?

लेक: आईने उचललं ते सगळं? एवढं ओझं?

शिवणमावशी: एकसुद्धा नाही. मनातून काढून टाक ते. सगळी मी उचलली. त्या तुझ्या खोलीतल्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, हे माळ्यावर, ते गॅलरीत, अहो ते नाही, ते. तुला माहीत आहे ना त्यांचं. चादर तेवढी स्वतः घातली. चारदा ओढून सारखी केली.

लेक: आणि काही बोलली नाही? फोन करावा असं?

शिवणमावशी: मी म्हटलं की, फोन करून विचारा सरळ. तर म्हणाल्या, विचारलं की ठीक आहे म्हणेल. खोली मोकळी असू दे. यायचं तेव्हा येईल.

लेक: वीस दिवस झोपतेय मी त्या पलंगावर.

शिवणमावशी: हो. बस आता. इथे, या खुर्चीत. हा कागद घे कोरा.

लेक: मावशी, नको.

शिवणमावशी: मी काही विचारत नाही. मला ही बाही लावायची आहे, सकाळपासून पडलीय.

लेक: बाहेर त्या दोघी थांबल्यात.

शिवणमावशी: त्यांना सांगून आले, पाच मिनिटं थांबा. आज आधी तू.

लेक: हे चालत नाही.

शिवणमावशी: दुसरं घे.

लेक: हेही नाही. हे थोडं उमटतंय.

शिवणमावशी: उमटतंय ना. मग लिही.

लेक: घरात भांडण नव्हतं, मावशी. कुणी काही बोललंच नाही वर्षभर. गॅस संपला, दूध आणलं, एवढंच. त्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं आणि बॅग भरत गेले. तो बाहेर पेपर वाचत होता. विचारलंसुद्धा नाही कुठे निघालीस.

शिवणमावशी: हं.

लेक: मशीन थांबवू नका. चालू राहू दे.

शिवणमावशी: नाही थांबवत. दोरा बदलत होते. बोल.

लेक: आई, दौरा नव्हता. त्या बॅगेत माझे सगळे कपडे होते. मला घरी यायचं होतं, आई. तुझ्याकडे, राहायला.