टुमॉरो म्हणालो मी

—नाही मामाजी, सही कुठे करायची ते नंतर दाखवा, आधी हे वाक्य बघा. तुमच्या वकिलानं काय लिहिलंय — नवरा-बायको 'सिन्स सहा वर्षं' वेगळे राहतात. सिन्स सहा वर्षं! अहो, सिन्सच्या पुढे सुरुवात लागते — अमक्या सालापासून, बैसाखीपासून. नुसती वर्षं सांगायची तर फॉर. माझ्या वर्गातल्या पोरीनं असं लिहिलं असतं तर पन्नास वेळा लिहून घेतलं असतं. आणि हे कोर्टात जाणार, माझ्या नावानं? अख्खं मोगा शहर हसेल — तरलोचन मास्टरचा घटस्फोट, आणि त्यात सिन्स चुकलेला! बसा. हीटर तुमच्याकडे वळवतो. दोनला वर्ग आहे, अजून अर्धा तास आहे. आणि हे लाडू, या पिन्न्या कशाला आणल्यात? घटस्फोटाच्या कागदाबरोबर कोणी पिन्न्या आणतं का?

तुमची भाची इथंच शिकली, या खोलीत. हुशार. क्रियापदं पाठ, पण एका जागी हमखास घसरायची — 'आय विल कम यस्टरडे.' वर्ग खिदळायचा. तिचा काय दोष, आपली पंजाबी बोलीच तशी — गेलेला दिवसही कल, येणारा दिवसही कल. आपलं कधी अडलंय का? आला होता म्हटलं की मागचा, येईल म्हटलं की पुढचा, संपलं. पण इंग्रजीत तसं चालत नाही, कोणता ते आधी सांगा म्हणतात. मग मी रुपिंदरला मधोमध उभं केलं — मागची भिंत यस्टरडे, समोरचं दार टुमॉरो, बोलताना हात दाखवायचा. दीड महिना रोज. इंग्रजीच्या परीक्षेत, आयलेट्सला, साडेसात बँड आले! तुमच्या बहिणीनं मला बर्फी भरवली आणि लोहडीच्या सणानंतर मुलगीच दिली. ठरलं सरळ होतं — ती कॅनडाला जाईल, शिकेल, मग मला बोलावून घेईल. या गल्लीत निम्मी लग्नं तशीच झालीत.

आता हात का जोडताय? 'आमच्या पोरीनं तुमचा जन्म वाया घालवला' — हे काय बोलणं झालं? टोमणा मारायचा तर सरळ मारा ना. खालचा, ट्रॅक्टरचं सामान विकणारा बिल्लू मारतो तसा — काय मास्टरजी, मॅडमनं तिकीट पाठवलं का? मी हसतो. गल्लीनं ठरवूनच टाकलंय, रुपिंदर गेली आणि उलटली. मी कोणाकोणाचं तोंड धरू? आता, तसं नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, ते खरं. पण तसंच आहे असंही म्हणालो नाही! एकदासुद्धा नाही.

असं बघू नका, मामाजी. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. बोलावलं होतं तिनं — दुसऱ्याच वर्षी, सगळे कागद भरून, शब्दाला जागून. मला व्हिसाच्या मुलाखतीला दिल्लीला बोलावलं. मी कोट शिवला. खिडकीमागे एक बाई, आवाज मऊ, घाबरण्यासारखं काही नाही. तिनं विचारलं, बायकोशी शेवटचं कधी बोललात? आदल्याच दिवशी बोललो होतो. मी म्हणालो — टुमॉरो. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. मला कळत होतं हो! यस्टरडे शब्द डोळ्यांपुढे दिसत होता, फळ्यावर, माझ्याच अक्षरात. तोंडातून पुन्हा टुमॉरो. तिसऱ्यांदा तर 'आय विल टॉक्ड' — असलं वाक्य माझ्या ढ पोरांनीही कधी केलं नाही. बाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मग कागदावर आलं — हे लग्न खरं वाटत नाही.

तिनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा तारीख आली. मी दिल्लीच्या बसमध्ये बसलो आणि लुधियान्यालाच उतरलो. गुरुद्वाऱ्यात दिवसभर लंगरची भांडी घासली आणि घरी येऊन आईला, बेबेला सांगितलं, नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी घरातूनच निघालो नाही. कसा निघणार? तिकडे पोचलो असतो तरी रोज कुणीतरी विचारणारच — कधी आलात, कधी जाणार. इथं निदान प्रश्न मी विचारतो. रोज तीन वर्ग. पोरं येतात, शिकतात, भुर्रकन जातात, विमानतळावरून फोटो पाठवतात, आणि मी तेच यस्टरडे, तेच टुमॉरो — गुदमरतो मी या खोलीत, मामाजी. आणि दाराबाहेर पडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते.

पण हे तुम्हाला मी काय नव्यानं सांगणार, तिनं सांगितलंच असेल. ...मामाजी? अहो, नकाराचं पत्र तिच्याकडेही गेलं होतं, कारणासकट. ती लुधियान्याची गोष्टही तिला फोनवर सांगितली होती मी, रडलो होतो. तिच्या आईला तरी... नाही? तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तुमच्याच घरातल्या बायका तिला नवऱ्याला फसवणारी म्हणाल्या, तेव्हाही नाही बोलली? म्हणजे तुम्ही खरंच माफी मागायला आलात. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर मान खाली घालून — आणि ती तिकडे बसून एक शब्दही —

द्या ते पेन. सिन्स राहू द्या, कोर्टाला कळेल तेवढं. इथं? आणि इथं. झालं, मोकळी झाली ती. ...फोन कुणाला लावताय? तिला नको. तिकडे आता पहाटेचे तीन वाजलेत — रात्रपाळीला असते, माहीत आहे मला, तरी नको. मामाजी, ऐका, मी काय बोलू तिच्याशी? उचलला? माझ्या हातात कशाला देताय—

हॅलो.

हो. ...हो, मीच.

मामाजी, विचारतेय, जेवलात का. आपल्याच बोलीत विचारतेय, पंजाबीत, आणि मला तेवढंही सांगता — घ्या. घ्या हो तो फोन! आणि जाताना पोरांना जिन्यातच सांगा, आज वर्ग नाही.